पेढा घ्या, पण खाल्लाच पाहिजे असं नाही

«ताई, माझं वय 47. वाळवा तालुक्यातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात क्लार्क आहे. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं, साखरेची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी 6.3 आलं. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, गोड कमी करा. बायकोनं लगेच मनावर घेतलं. पण ऑफिसात दिवसाला सात चहा होतात. कुणाचं कर्ज मंजूर झालं की पेढे येतात. लग्नसराईत आठवड्याला दोन पंगती असतात. मला नाही म्हणवत नाही, आणि मग घरी खोटं बोलावं लागतं. वडिलांच्या शेअरवर कारखान्याची साखर येते, 50 किलोचं पोतं. आम्ही पाच माणसं, दिवाळी ते दिवाळी पुरतं. साखरेऐवजी गूळ खाल्ला तर चालेल का? माझ्यात निग्रह म्हणून नाही, याची फार लाज वाटते. वैशाखात पुतणीचं लग्न आमच्याच दारात आहे. काय करू?»

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या गोड खाण्याचे प्रसंग पेन्सिलीनं मोजले. चहा, पेढे, पंगत, घरचं पोतं. यातला एकही प्रसंग असा नाही की तुम्हाला एकट्याला तल्लफ आली, तुम्ही उठलात आणि डब्यातनं लाडू काढून खाल्लात. प्रत्येक वेळी कुणीतरी दिलंय, कुणीतरी समोर उभं आहे, नाही तर ती वस्तू स्वस्तात दारात येऊन पडली आहे. आणि लाज मात्र तुम्ही एकट्यानं वाटून घेतलीत. ती आधी खाली ठेवा. लाजेनं साखर कमी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. लपून खाणारे मात्र पुष्कळ पाहिलेत.

तुमच्यासारखे तुम्ही एकटेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं देशभर केलेल्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह, आणि तुमच्यासारखे उंबरठ्यावरचे सुमारे 13.6 कोटी. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. या उंबरठ्यावरच्या लोकांच्या प्रमाणात शहर आणि खेडं यांत जवळपास फरकच नाही. हा बंगल्यातल्या लोकांचा आजार, असं आपण अजून म्हणतो. तो केव्हाच एसटीत बसून गावात आला.

आता चहाचा हिशेब करू. तुम्ही कर्जाचे हप्ते मोजता, तेव्हा हा सोपा जाईल. टपरीच्या चहात कपाला दोन चमचे साखर धरा, म्हणजे साधारण 10 ग्रॅम. सात कप म्हणजे 70 ग्रॅम. महिन्याचे 25 कामाचे दिवस धरले तर पावणेदोन किलो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 ग्रॅमच्या आत राहिली तर आणखी बरं. म्हणजे पेढा, जिलबी, घरचा शिरा यांतलं काहीही तोंडात न घालता, नुसत्या खुर्चीवर बसून तुम्ही मर्यादा ओलांडता. त्यात घरचं पोतं. 50 किलो, पाच माणसं, 365 दिवस: माणशी रोज 27 ग्रॅम. तुमचे वडील, मुलं, बायको, सगळे धरून.

पण मला तुम्हाला हिशेबापेक्षा तो चहा गोड का असतो ते सांगायचंय. टपरीवाला साखर आधीच पातेल्यात टाकून उकळतो. त्याला तसं सोपं पडतं, आणि स्वस्तही. दूध महाग, साखर स्वस्त. दूध पातळ झालं की साखर हात देते. चहा गोड लागला की गिऱ्हाइकाला दाट वाटतो. कर्जदार आला की त्याला चहा द्यायचा, आणि त्याच्याबरोबर तुम्ही घ्यायचा, हा तुमच्या संस्थेचा रिवाज. चहाचे पैसे संस्थेच्या खात्यातून. म्हणजे तुमच्या कपात किती साखर पडावी हे तुम्ही कधी ठरवलंच नाही. दुधाच्या भावानं आणि कचेरीच्या रिवाजानं ते ठरवलं.

म्हणून निग्रह वगैरे नंतर बघू. उद्या त्या चहावाल्या पोराला बाजूला घ्या आणि सांगा, एक थर्मास बिनसाखरेचा आण, साखर वेगळ्या बरणीत ठेव. मॅनेजरसाहेबांकडून हे संस्थेचा नियम म्हणून करून घेता आलं तर फारच उत्तम. तुमच्या कचेरीत उंबरठ्यावरचे आणखी दोन-तीन जण नक्की असतील, बोलत नसतील इतकंच. पहिले आठ दिवस कपात एक चमचा घाला, मग अर्धा. जीभ हळूहळू सरावते. साखरेऐवजी मिळणाऱ्या गोड गोळ्या घालून चहा पिण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्यांवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच 2023 मध्ये सांगितलं आहे. शिवाय जिभेची ओढ तशीच राहते.

आता पेढा. हा चहापेक्षा अवघड, कारण तो फुकटचा नसतो.

मी एका कचेरीत बरीच वर्षं काम केलं आहे. तो खोका कसा येतो ते डोळ्यांसमोर आहे. पांढरा पुठ्ठ्याचा खोका, त्यावर गुलाबी दोरा, दोऱ्याची गाठ सुटत नाही म्हणून दातानं तोडलेली. आणणारा माणूस आधी देवाच्या तसबिरीसमोर खोका धरतो, मग साहेबांकडे, मग टेबलाटेबलाला. प्रत्येक टेबलाशी थांबतो आणि तुमच्या हाताकडे बघत उभा राहतो. तुम्ही पेढा तोंडात घातल्याशिवाय पुढं सरकत नाही. कर्ज मंजूर झालेला शेतकरी असेल तर त्या नजरेत आनंद असतो, उपकाराची जाणीव असते, आणि थोडी भीतीही असते, की पुढच्या वेळी याच माणसाशी गाठ आहे. अशा वेळी तुम्ही «नको» म्हणालात तर त्याला वाटतं, साहेब नाराज आहेत. म्हणून तुम्हाला नाही म्हणवत नाही. हा तुमचा दुबळेपणा मुळीच नाही, समोरच्याचं मन राखणं आहे. त्याबद्दल मला तुमचा आदरच वाटतो.

आणखी एक गोष्ट तिथं पाहिली आणि तेव्हापासून मनात सलते. मोठ्या साहेबांनी पेढा नाकारला तर लोक म्हणायचे, «साहेब तब्येतीला फार जपतात.» शिपाईमामांनी नाकारला तर म्हणायचे, «लागला मोठा!» नाही म्हणण्याचा अधिकारसुद्धा पगाराप्रमाणे मिळतो आपल्याकडे. तुमच्या कचेरीतही एखादे मामा असतील. त्यांची शुगर कुणी विचारली आहे का?

तर पेढ्याचं काय करायचं? घेणं आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात ठेवा. देणाऱ्याचा मान घेण्यात आहे, आणि तो पूर्ण घ्या. उजव्या हातात पेढा घ्या, कपाळाला लावा, कर्ज कशासाठी घेतलं ते विचारा, म्हैस घेतली असेल तर दूध किती देते ते विचारा. दोन वाक्यं जास्त बोला. मग पेढ्याचा कण मोडून तोंडात टाका. कण म्हणजे कणच, ज्वारीच्या दाण्याएवढा. देवळातला प्रसाद आपण कणभरच घेतो ना? कमी घेतला म्हणून देवाचा कधी अपमान झालाय का? उरलेला कागदात बांधून ठेवा आणि मोकळेपणानं सांगा, «डॉक्टरांनी ताकीद दिलीय, पण तुमच्या आनंदाचा आहे, घरी नेतो.» पहिल्या चार-पाच जणांना सांगताना जीभ अडखळेल. नंतर गावच सांगायला लागेल की यांना शुगरचा त्रास आहे, आणि खोकाच तुमच्या टेबलाशी कमी वेळ थांबेल.

तो कागदातला पेढा खरंच घरी न्या आणि बायकोच्या हातात द्या. खोटं बोलणं तिथंच थांबेल. पण पाठोपाठ त्यांनाही जपा. घरात उरलेलं गोड कोण संपवतं? उरलेला शिरा, नैवेद्याची खीर, मुलांनी अर्धा टाकलेला लाडू, सगळं «वाया नको जायला» म्हणून बाईच्या पोटात जातं. तुमच्या पत्रात त्यांच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही. त्यांचीही करून घ्या.

गुळाचं विचारलंत. नाही, चालणार नाही. गुळात लोह वगैरे थोडंफार असतं, पण रक्तातली साखर वाढवायच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊच आहे. वजनाला वजन कॅलरीही जवळपास तितक्याच.

हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण मी गुऱ्हाळावर वाढले. वडिलांचा एका गुऱ्हाळघरात वाटा होता. थंडीत पहाटे घाणा सुरू व्हायचा. चुलवाणात जळव्या चिपाडं ढकलत असायचा, वर भल्याथोरल्या काहिलीत रस खदखदायचा. मळी वर यावी म्हणून गुळव्या त्यात भेंडीचं पाणी घालायचा आणि ती झाऱ्यानं काढून टाकायचा. पाक झाला की नाही हे तो थेंब पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून बघायचा. आम्हा पोरांना उसाच्या कांड्याला लपेटलेला गरम गूळ मिळायचा, बोटं भाजायची. त्या काळी आमच्या भागात गूळ हे साध्या घरचं गोड. गड्याला भाकरीबरोबर गूळ, पाहुण्याला गूळ-पाणी. साखर पाहुण्यारावळ्यांच्या चहाला आणि मोठ्या घरांत. आज तुम्ही बाजारात जाऊन बघा. साखर स्वस्त आणि «सेंद्रिय» लिहिलेला गूळ तिच्यापेक्षा कितीतरी महाग, छान डब्यात. भाव उलटले आणि त्याबरोबर मानही उलटला. आता सुशिक्षित घरांत अभिमानानं सांगतात, आम्ही साखर सोडली, गूळ खातो. गोड तेच, फक्त त्याची प्रतिष्ठा फिरली. तुम्हाला गूळ खावासा वाटतो त्यातही, मला वाटतं, ही प्रतिष्ठा थोडी आहे. चवीसाठी आमटीत खडा टाका, खुशाल टाका. औषध म्हणून खाऊ नका.

आता ते पोतं. आपल्या भागात साखरेवर बोलायचं म्हणजे घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सोबत होते, आणि 1950 च्या सुमारास त्यातून साखर बाहेर पडली. तेव्हापासून आपल्याकडची शाळा, कॉलेज, दवाखाना, रस्ता, निवडणूक, सगळं उसाच्या कांड्याशी बांधलं गेलं. सभासदाला सवलतीत साखर मिळते ती मालकीची खूण. तुमच्या वडिलांना ते पोतं घरात आणताना जो अभिमान वाटतो तो खरा आहे, आणि त्याला धक्का लावू नका. पण स्वस्त वस्तू घरात भरून ठेवली की हात सैल सुटतो, हे तुमच्या स्वयंपाकघरातही होतंच असणार. शिऱ्यात वाटीला वाटी साखर पडते, कारण पोतं आहे. तेच किलोकिलोनं विकत आणायचं असतं तर पडली असती का?

म्हणून पोतं येऊ द्या, वडिलांच्या हातून त्याची पूजाही होऊ द्या. मग वर्षाची वीस-बावीस किलो डब्यात काढा. ती माणशी रोज 11-12 ग्रॅम पडते, आणि सणवार त्यात नीट होतात. बाकीची ओळखीच्या दुकानदाराला देऊन बदल्यात शेंगदाणे, डाळ, तेल घ्या. असा व्यवहार गावोगाव चालतो, तुम्हाला नवीन नाही. वडिलांना आधी विचारा. त्यांना विचारलं की ते स्वतःच दुकानदाराशी भाव करतील.

एक गोष्ट इथं बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. दरवर्षी बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. पहाटेच्या काळोखात कोपीपुढं, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढं, तीन दगडांच्या चुलीवर पातेलं असतं: कोरा चहा, त्यात मूठभर साखर. त्या चहावर माणसं कोयता घेऊन फडात शिरतात आणि भाकर खूप उशिरा खातात. त्यांना साखर सोडा म्हणणं मला जमणार नाही. भूक मारायला त्यांच्याजवळ तेवढंच असतं. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं रेशनवर 100 रुपयांत «आनंदाचा शिधा» दिला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. काही लोकांनी नाकं मुरडली. मी मुरडणार नाही. सणाला पोरांच्या हातावर लाडू ठेवता येणं हा गरिबाचाही हक्क आहे. राग आहे तो एरवीच्या दिवसांचा. एका मोठ्या सफरचंदाच्या पैशांत बिस्किटांचे पाच रुपयेवाले चार पुडे येतात. मग मजूर बाईनं दुपारी काय खावं? गोड हे तिच्यासाठी आवडीच्या आधी परवडण्याचं असतं. तुम्हाला फुटाणे, शेंगदाणे, पेरू परवडतात. तुमच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या जागी ते ठेवा.

आता लग्नाचं, आणि इथं मला थोडं माझ्याविषयी बोलावं लागेल.

मी 19 वर्षांची असताना चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगतीत जिलबीची परात माझ्या हातात होती. मी आग्रह करण्यात पटाईत होते आणि सगळे माझं कौतुक करत होते. «आमच्या ताईच्या हातून नाही म्हणायचं नाही» असं कुणीतरी म्हणालं, आणि मला स्फुरण चढलं. वडील पंगतीत बसले होते. त्यांना तेव्हा मधुमेह होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्यांनी पानावर हात आडवा धरला. मी हात बाजूला सारून दोन जिलब्या ठेवल्या. आजूबाजूचे हसले. व्याही समोर बसलेले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि खाल्ल्या. पाक पानावरून ओघळून भातापर्यंत गेला होता, ते मला अजून दिसतं. पुढं काही वर्षांनी त्यांच्या पायाची जखम भरेना आणि डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या दोन जिलब्यांनी बोटं गेली असं नाही, हे मला समजतं. पण आयुष्यभर त्यांच्या आडव्या धरलेल्या हाताला कुणीच मान दिला नाही, आणि त्या कुणीतल्या एका परातीमागं मी होते.

आपला आग्रह आला कुठून, याचा मी नंतर खूप विचार केला. ज्या घरांत वर्षातून चार वेळाच गोड व्हायचं तिथं पाहुणा लाजेनं नको म्हणायचा, पोट मात्र हो म्हणत असायचं. तेव्हा यजमानानं तीनदा विचारणं ही माया होती. आज तुमच्या पंगतीला येणारा माणूस सकाळपासून तीन गोड चहा पिऊन आलेला असतो, आदल्या दिवशी दुसऱ्या लग्नात जेवलेला असतो. त्याचा «नको» खरा असतो. माया तीच ठेवायची तर आता ती ऐकण्यात दाखवावी लागेल.

पुतणीच्या लग्नात तुम्ही यजमान आहात. इतके दिवस पाहुणा म्हणून जे जमलं नाही ते इथं सहज जमेल. पंगत मोडू नका, पंगतीसारखं सुख नाही. फक्त आचाऱ्याला सांगून जिलबी लहान पाडून घ्या. पानात सुरुवातीला एकच वाढायची, ज्याला हवी तो मागेल, आणि मागितली तर हात आखडता घ्यायचा नाही. वाढप्यांना आदल्या रात्री बसवून सांगा: एकदाच विचारायचं, पानावर हात आडवा आला की पुढं सरकायचं. वयस्कर माणसांना तर मुद्दाम तुम्ही स्वतः जाऊन विचारा, «दुसरं काय आणू?» मसालेभात, भजी, कोशिंबीर, काहीही. ज्यांना खायचं नव्हतं ती माणसं किती सुटल्यासारखी हसतात ते बघा. आणि व्याह्यांना आधीच कानावर घाला, म्हणजे मानपानाचा प्रश्न उठणार नाही. घरात शुगर आहे म्हटलं की आजकाल कोणी वाईट वाटून घेत नाही. बहुतेक वेळा त्यांच्याही घरात असते.

डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी पुन्हा जा. एचबीएवनसी रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून त्याआधी घाई करून उपयोग नाही. 5.7 ते 6.4 हा उंबरठ्याचा पट्टा आहे आणि त्यातून पुष्कळ माणसं मागं आली आहेत. जेवणानंतरचं चालणं, वजन, झोप याबद्दल ते सांगतील तसं करा. आकडा जो येईल तो बायकोला खरा सांगा आणि मलाही कळवा.

आणि हो, लग्नाचा मठ्ठा. त्यात आचारी हमखास साखर घालतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आलं, कोथिंबीर, मीठ, हिंग एवढंच घालायला आदल्या रात्रीच बजावून ठेवा.

तुमची,
ताई